दख्खनच्या माशांचा नामकर्ता : कर्नल साइक्स

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून वाहणाऱ्या नद्यांमध्ये सापडणाऱ्या महसीर माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत या नावापुढे कंसात एक आडनाव आणि एक साल छापलेले असते : साइक्स, १८३९. एखाद्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कोणी व केव्हा केले, याची ती नोंद असते. आणि पुढे त्या जातीचे वर्गीकरण बदलले, की वर्णनकर्त्याचे नाव कंसात जाते. कोळस, नुक्टा, बोगट, शिंगटी, मुल्ल्या, पोटेल अशा दख्खनमधल्या कितीतरी माशांच्या नावांपुढे हेच आडनाव आढळते. ते आहे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी पेशवाई बुडवणाऱ्या लढायांत लढला, पुढे त्याच प्रदेशाची शिरगणती त्याने केली आणि अखेरीस कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला. मात्र त्यांचे नाव आज जिथे रोजच्या कामात उच्चारले जाते, ती जागा आहे माशांच्या अंड्यांची उबवण करणारी केंद्रे. १८३९ साली त्यांनी ज्याला नाव दिले, त्या माशाची अंडी आज माणसाच्या हातांनी निवडून जगवावी लागतात.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी यॉर्कशायरमधल्या एका घराण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमधल्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबांत मुलाला कंपनीच्या नोकरीत धाडणे हा नशीब काढण्याचा रूढ मार्ग होता. साइक्स १८०४ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात ते हजर होते. तो वेढा इंग्रजांच्या अंगाशी आला. पोरवयातल्या या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातली पहिली लढाई पाहिली ती अशी.

छावणीतल्या रिकाम्या वेळात त्यांचे अनेक सहकारी शिकारीत आणि पत्त्यांत रमत. साइक्स भाषा शिकत होते. १८१० पर्यंत हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या दुभाषाच्या परीक्षा ते उत्तीर्ण झाले. फौजेत दुभाषाला भत्ता मिळे, बढतीची वाटही सुकर होई. त्यामुळे या अभ्यासामागे व्यवहार नव्हता असे नाही. पण या मराठीचा उपयोग पुढे वेगळ्याच ठिकाणी झाला. नदीकाठी जाळे सुकवत बसलेल्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलता येणे, ही त्यांच्या शास्त्रीय कामाची पहिली पायरी ठरली.

लढाई आणि मोजणी

१८१७ ते १८२० ही वर्षे साइक्स दख्खनमध्ये होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजांची गाठ पडली. त्या लढाईत आणि त्यानंतर पुण्याजवळ झालेल्या लढाईत साइक्स यांच्या हाताखाली देशी शिपायांच्या तुकड्या होत्या. डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही त्यांचा भाग होता. १८१८ साली पेशवाई संपली. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवून इंग्रजांनी तिथे एक मांडलिक राज्य ठेवले, सांगलीला पटवर्धनांचे संस्थान राहिले आणि पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड हे मुलूख थेट कंपनीच्या अमलाखाली आले.

१८२० साली साइक्स रजेवर युरोपात गेले आणि चार वर्षे तिथे हिंडले. परत आल्यावर ऑक्टोबर १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची एका नव्या पदावर नेमणूक केली. पदाचे नाव होते सांख्यिकी वार्ताहर. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखात गावे किती, घरे किती, माणसे किती, जमिनीची धारापद्धती कशी, पिके कोणती, पाऊस किती पडतो, बाजारभाव काय, हे सारे मोजून सरकारपुढे मांडायचे, असे हे काम होते. राज्य तलवारीने घेता येते. पण ते चालवायचे तर त्याची मोजदाद हवी, ही एल्फिन्स्टन यांची दृष्टी होती. त्या मोजदादीसाठी त्यांना मराठी जाणणारा, उन्हातान्हात हिंडण्याची तयारी असलेला आणि चिकाटीचा माणूस हवा होता.

पुढची सहा वर्षे साइक्स घोड्यावरून आणि तंबूतून दख्खन फिरले. लोकसंख्येची गणना, दोन मोठे सांख्यिकी अहवाल आणि सचित्र निसर्गवृत्तान्त एवढे काम त्यांनी या काळात उभे केले. हवेचा दाब आणि पाऊस यांच्या नोंदी ते नियमाने ठेवत. गावाच्या वतनदारीपासून शेतातल्या मातीपर्यंत सर्व गोष्टी त्यांच्या टिपणांत येत. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने काटकसरीसाठी हे पदच रद्द केले आणि त्यांना पलटणीत परत बोलावले. काम अर्धवट सोडणे साइक्स यांना मानवले नाही. त्यांनी लष्करी कामातून सुटी मिळवली आणि जानेवारी १८३१ पर्यंत वेतनाशिवाय काम करून ते पुरे केले. मग ते इंग्लंडला गेले आणि १८३३ साली फौजेतून निवृत्त झाले. हिंदुस्थानात ते पुन्हा नोकरीसाठी आले नाहीत. पण बरोबर नेलेल्या टिपणांवर आणि चित्रांवर पुढची अनेक वर्षे त्यांचे लेखन चालू राहिले.

माशांना मराठी नावे

प्रथम प्रसिद्ध झाल्या त्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या. १८३१-३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात त्या आल्या. आपल्या पाणवठ्यांवर सर्रास दिसणाऱ्या ढोकरी या बगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स यांचेच. दख्खनच्या रानकुत्र्याचे वर्णनही त्यांनी केले. एक चंडोल, एक वटवट्या आणि एक रातवा आजही इंग्रजीत साइक्स यांच्या नावाने ओळखले जातात.

माशांवरचा त्यांचा निबंध थोडा उशिरा आला. १८३८ साली तो सोसायटीपुढे वाचला गेला, १८३९ मध्ये त्याचा गोषवारा आणि १८४१ मध्ये सविस्तर, चित्रांसह मजकूर प्रसिद्ध झाला. त्यात दख्खनच्या गोड्या पाण्यातल्या ४६ जातींची वर्णने आहेत. त्यांतल्या बहुतेक जाती तोवर शास्त्राला ठाऊकच नव्हत्या. मासे मुख्यतः भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, घोड यांसारख्या नद्यांतून मिळवलेले होते. महसीराचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेला, तर मसुल्ला या माशाचा शिरूरजवळ घोड नदीतला. भीमा पुढे कृष्णेला मिळते. त्यामुळे महाबळेश्वरात उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड आणि सांगली असा प्रवास करणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातले मत्स्यजीवनही बऱ्याच अंशी याच यादीत सामावलेले आहे. सातारा-सांगलीच्या नदीत आजही यातले अनेक मासे जाळ्यात येतात.

या निबंधाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातली नावे. त्या काळी नव्या जातीला लॅटिन वा ग्रीक विशेषण लावायचे, नाहीतर एखाद्या आश्रयदात्याचे वा मित्राचे नाव द्यायचे, असा प्रघात होता. साइक्स यांनी काही माशांना यारेल, ऑगिल्बी, चिल्ड्रन या आपल्या इंग्रज परिचितांची नावे दिली खरी. पण मोठ्या संख्येने त्यांनी स्थानिक नावेच शास्त्रीय नावात घातली. त्यामुळे लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत मराठी शब्द कायमचे जाऊन बसले. शिंगटीच्या नावातले शिंग मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नुक्टा हा शब्द वाचताच नकटा हा शब्द आठवावा आणि त्या माशाच्या तोंडावरची खोल खाच पाहून तो पटावा, असा हा प्रकार आहे. इंग्रजी वळणाच्या लिपीत ही नावे थोडी वाकडी झाली, काहींचे मूळ उच्चार आता नेमके सांगता येत नाहीत. पण ती नदीकाठच्या बोलीतून आली आहेत हे लपत नाही.

यामागे निव्वळ कौतुक नव्हते. मासे पकडून जगणाऱ्या भोई-कोळ्यांना एक मासा दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखायचा, कोणता कोणत्या डोहात राहतो, कोणता पुराच्या पाण्यात वर चढतो, हे ठाऊक असते. ज्या माशाला वेगळे नाव आहे, तो वेगळा आहे असे लोकांनी आधीच ठरवलेले असते. म्हणजे निवडीचे पहिले काम लोकभाषेने केले होते. साइक्स यांनी त्यावर खवले मोजण्याची, पर तपासण्याची आणि चित्र काढून घेण्याची शास्त्रीय मोहोर उमटवली. ज्यांच्या तोंडून ही नावे आली, त्यांची नावे मात्र शास्त्राच्या कंसात आली नाहीत. त्या काळच्या शास्त्राची आणि सत्तेची ती रीतच होती.

निबंधात एक उणीवही राहिली. साइक्स यांनी वर्णन केलेल्या माशांचे मूळ नमुने संग्रहालयात जपलेले आढळत नाहीत. मागे उरली ती वर्णने आणि चित्रे. नमुना हाताशी नसला की पुढच्या संशोधकाला शब्दांवरून मासा ओळखावा लागतो आणि तिथे चूक होऊ शकते. ही उणीव दीडशे वर्षांनंतर दूरच्या एका नदीत भोवणार होती.

लंडनमधली चार दशके

इंग्लंडमध्ये साइक्स यांनी दुसरे आयुष्य उभारले. १८३४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगावर त्यांनी १८३५ पासून दहा वर्षे काम केले. दख्खनच्या चार जिल्ह्यांचा सांख्यिकी वृत्तान्त, तिथल्या जमिनीच्या धारापद्धती, हवामान आणि प्राचीन हिंदुस्थानातला बौद्ध धर्म अशा विविध विषयांवर त्यांनी निबंध लिहिले. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१८४० साली ते कंपनीच्या संचालक मंडळात गेले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपुष्टात आले. ज्या कंपनीत ते चौदाव्या वर्षी शिरले, तिची अखेर त्यांना जवळून पाहावी लागली. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये होते. चीनमधल्या तैपिंग बंडात इंग्लंडने घेतलेल्या भूमिकेवर टीका करणारे पुस्तक त्यांनी १८६३ मध्ये लिहिले. सत्तेच्या वर्तुळात राहूनही आकडे आणि पुरावे विरुद्ध गेले की बोलायचे, ही त्यांची वृत्ती होती. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. महसीराच्या नावाला तोवर तेहेतीस वर्षे झाली होती आणि नद्यांत तो विपुल होता.

खुद्रीची अंडी

विसाव्या शतकात चित्र पालटले. महसीर हा वाहत्या, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-खड्यांच्या तळावर अंडी घालतो. सह्याद्रीत धरणे उभी राहिली आणि या वाटा अडल्या. लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या वीजनिर्मितीसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच तलाव झाले. सातारा जिल्ह्यात कोयनेवर आणि नंतर वाईजवळ धोमला कृष्णेवर धरण झाले. त्यातच सुरुंगाच्या स्फोटाने मासे मारणे, विणीच्या हंगामात पकडणे आणि नदीत सोडलेले सांडपाणी यांची भर पडली. रोहू-कटलाच्या मानाने महसीर अंडीही कमी घालतो. म्हणून घट झाली की ती भरून यायला वेळ लागतो.

महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा आणि अंड्यांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्याच्या शीर्षकातच साइक्स हे नाव कंसात होते. त्याच सुमारास टाटा वीज कंपन्यांनी लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी महसीराचे उबवणी केंद्र सुरू केले. पक्व मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत पसरून ठेवायची, अशी ही पद्धत. अंडे साधारण तीन मिलिमीटर व्यासाचे, पिवळसर सोनेरी. तीन-चार दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येते.

या तीन-चार दिवसांत खरी परीक्षा असते ती निवडण्याची. जिवंत अंडे अर्धपारदर्शक असते. मेले की त्याच्या आवरणातून पाणी आत शिरते, आतली प्रथिने साकळतात आणि अंडे पांढरे होते. या पांढऱ्या अंड्यावर पाण्यातली बुरशी धरते. तिचे कापसासारखे तंतू शेजारच्या निरोगी अंड्यांना वेढतात आणि एका मेलेल्या अंड्यापायी त्याच्याभोवतीची अनेक जिवंत अंडी गुदमरतात. म्हणून तांदळातले खडे निवडावे, तशी पांढरी अंडी रोज वेचून काढावी लागतात. चिमटा, पीस किंवा बारीक नळी घेऊन तासन्‌तास वाकून बसायचे, धक्का लागू द्यायचा नाही, कारण कोवळे अंडे धक्क्याने मरते. डोळे आणि पाठ यांची कसोटी पाहणारे हे काम आहे.

युरोप-अमेरिकेतल्या ट्राउट आणि सामन माशांच्या केंद्रांत हेच काम बऱ्याच वर्षांपासून यंत्रे करतात. त्या माशांची अंडी मोठी आणि थंड पाण्यात कित्येक आठवडे वाढणारी. पिल्लाचे डोळे अंड्यात ठिपक्यांसारखे दिसू लागले की अंडे टणक झालेले असते आणि हाताळता येते. अशा वेळी अंडी मुद्दाम थोड्या उंचीवरून पाण्यात ओततात. त्या धक्क्याने फलित न झालेली अंडी फुटून दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. मग यंत्राची फिरती तबकडी आपल्या छिद्रांत एकेक अंडे उचलते, त्यातून प्रकाशाचा झोत जातो आणि पलीकडे प्रकाश मोजणारा डोळा असतो. प्रकाश पार गेला तर अंडे जिवंत. अडला तर पाण्याचा वा हवेचा फवारा ते बाजूला उडवतो. अलीकडच्या यंत्रांत कॅमेरे आले असून ती आकार आणि रंगही पारखतात. तासाला हजारो अंडी अशी निवडली जातात. माणसाच्या हाताला जे काम करायला दिवस लागतात, ते यंत्र एका सकाळी उरकते.

आपल्याकडच्या रोहू, कटला, मृगळ या माशांना अशा यंत्राचा फारसा उपयोग नाही. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने या माशांची वीण घडवून आणली आणि देशातल्या मत्स्यशेतीचे रूप पालटले. त्यांची अंडी लाखोंच्या संख्येने येतात, गोल हौदातल्या फिरत्या पाण्यात तरंगत राहतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. अंडे निवडायला सवडच नसते. निवड होते ती नंतर, मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली अशा पायऱ्यांवर. महसीराचे गणित वेगळे. अंडी थोडी, मोठी आणि मोलाची. तिथे प्रत्येक अंड्याला किंमत आहे. यंत्राची मदत कुठे व्हायची असेल तर ती अशाच माशाला होईल.

यंत्राला न कळणारी निवड

वळवणच्या केंद्राने लक्षावधी पिल्ले वाढवली आणि देशातल्या अनेक राज्यांना दिली. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २०११ मध्ये संकटग्रस्त ठरवलेला टॉर खुद्री पुढच्या मूल्यमापनात कमी चिंतेच्या गटात आला. एका खाजगी केंद्राच्या चिकाटीचे हे यश लहान नाही. पण त्याच यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. १९७० च्या दशकानंतर खुद्रीची पिल्ले कर्नाटकातल्या कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून वेगळा, पाठीवर कुबड असलेला, आकाराने प्रचंड वाढणारा महसीर होता. गळ टाकून मासे पकडणाऱ्या आणि पुन्हा सोडून देणाऱ्या शौकिनांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा कुबड असलेला मासा झपाट्याने कमी झालेला आणि त्याची जागा खुद्रीने घेतलेली आढळली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणे होतीच. पण बाहेरून आलेल्या भावंडाचाही त्यात वाटा होता.

हा कुबडाचा मासा वेळीच का वाचवता आला नाही, याचे एक कारण नावात होते. साइक्स यांचा घोड नदीतला मसुल्ला तो हाच, असा समज विसाव्या शतकात रूढ झाला होता. मूळ नमुना नसल्याने तो खोडून काढणे कठीण होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मसुल्ला हा महसीर नसून वेगळ्याच गटातला मासा असल्याचे दाखवले. म्हणजे कावेरीच्या महसीराला स्वतःचे नावच उरले नाही. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव नसलेल्या माशाला कायद्याचे आणि संवर्धनाचे दार उघडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

इथे साइक्स यांच्या कामाचे मोल आणि मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. प्रकाशाचा झोत जिवंत अंडे आणि मेलेले अंडे यांत फरक करतो. ते अंडे कोणत्या जातीचे, कोणत्या खोऱ्यातले आणि त्याचे पिल्लू कोणत्या पाण्यात सोडायचे, हे तो सांगत नाही. ती निवड माणसाने, नदीचे ज्ञान असणाऱ्यांना विचारून करायची असते. साइक्स यांनी नदीकाठच्या माणसांना विचारले म्हणून खुद्रीला नाव मिळाले. मसुल्ल्याचा नमुना जपला गेला नाही म्हणून दूरच्या नदीत गोंधळ झाला.

सातारा आणि सांगलीला हा प्रश्न परका नाही. महाबळेश्वर आणि वाईच्या माशांवर ई. जी. सिलास यांनी १९५३ मध्ये लिहिले, तेव्हा साइक्स यांच्या यादीची तिथे पुन्हा उजळणी झाली. त्यानंतर कृष्णा-कोयनेच्या जलाशयांत उत्पादनवाढीसाठी गंगेच्या खोऱ्यातले कटला-रोहू सोडले गेले. आफ्रिकेतला तिलापियाही नदीत येऊन स्थिरावला. मच्छीमार सहकारी संस्थांच्या पोटापाण्याला या माशांनी हात दिला, हे नाकारता येणार नाही. दुसरीकडे सांगलीच्या आसपास कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात अधूनमधून येतात आणि त्यात मोठ्या माशांइतकेच साइक्स यांच्या यादीतले लहान, बाजारात किंमत नसलेले मासेही असतात. त्यांची बीजकेंद्रे नाहीत. एकदा गेले, तर उबवून परत आणण्याची सोय त्यांच्यासाठी कोणी केलेली नाही.

उद्या महाराष्ट्रातल्या उबवणी केंद्रांत अंडी निवडणारी यंत्रे आली, तर वाकून बसणाऱ्या माणसांची पाठ सुटेल आणि पिल्लेही अधिक जगतील. ती येणे चांगलेच. पण हौदावर लावायच्या पाटीवर कोणत्या नदीचे आणि कोणत्या माशाचे नाव लिहायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. त्या नावांची पहिली लेखी यादी जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मराठी शिकलेल्या एका परक्या सैनिकाने केली. तीतले अर्ध्याहून अधिक शब्द आज शहरातल्या मराठी माणसाला अनोळखी झाले आहेत. शास्त्राच्या ग्रंथांत मात्र ते साइक्स यांच्या आडनावाशेजारी जपलेले आहेत, आणि त्यांतले बरेच मासे कृष्णेच्या पाण्यात अजून पोहत आहेत.